गणिताचा पदवी विभाग पारखताना नेमके काय पाहावे?

वारणाकाठ

माझ्या मुलीने यंदा बारावी विज्ञान पूर्ण केले असून तिला बी.एस्सी. गणितच करायचे आहे. सीईटी तिने दिली, गुणही बरे आहेत, परंतु अभियांत्रिकीकडे जाण्याची तिची इच्छा नाही आणि आम्हीही तिच्यावर ते लादणार नाही. बेंगळुरूच्या आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.मॅथ. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची बी.एस्सी. या दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा होऊन गेल्या आहेत, त्यामुळे निवड महाराष्ट्रातील महाविद्यालयांमधूनच करायची आहे. आमच्यासमोर तीन पर्याय आहेत: पुण्यातील एक स्वायत्त महाविद्यालय, कोल्हापुरातील एक जुने अनुदानित महाविद्यालय आणि घरापासून एसटीने पाऊण तासावर असलेले तालुक्याच्या गावचे महाविद्यालय.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची श्रेणी तिघांचीही उत्तम आहे. तिघांच्याही माहितीपत्रकात 'अनुभवी प्राध्यापकवर्ग' आणि 'सुसज्ज संगणक प्रयोगशाळा' हे शब्द आहेत. निकाल सर्वांचेच नव्वद टक्क्यांच्या पुढचे आहेत. मी स्वतः वाणिज्य शाखेचा असल्यामुळे गणिताचा विभाग चांगला की सामान्य हे ओळखण्याची दृष्टी माझ्याकडे नाही. पुण्याला पाठवायचे तर वसतिगृह आणि खानावळ धरून खर्च बराच वाढतो. तो करण्याची तयारी आहे, मात्र त्या खर्चातून मुलीला गणित अधिक चांगले मिळणार आहे की केवळ शहर मिळणार आहे, हे समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लघुगणक

आपण प्रश्न 'महाविद्यालय कोणते' असा न विचारता 'विभाग कसा पारखावा' असा विचारला, हे फार चांगले झाले. पदवीच्या वर्गांना गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समित्यांवर काम करताना बरेच विभाग आतून पाहता आले, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. सात निकषांवरील गुण एकत्र करून चारपैकी ३.५१ किंवा अधिक आले की ए++, ३.२६ ते ३.५० असले की ए+, अशी ती उतरंड आहे. त्या निकषांत अध्यापनाबरोबर इमारती, प्रशासन, विस्तारकार्य असे सारे काही येते. एखाद्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग संशोधनात अग्रेसर असेल आणि गणितात एकही कायम शिक्षक नसेल, तरी श्रेणी दोघांची एकच. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीचेही तसेच आहे. तीत महाविद्यालयांचा गट आहे, महाविद्यालयांतील गणित विभागांचा नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात.

निकालाच्या टक्केवारीने तर सर्वांत जास्त दिशाभूल होते. समजा, प्रथम वर्षाला गणित घेतलेले ऐंशी विद्यार्थी होते, तृतीय वर्षाला त्यांतले सतरा उरले आणि त्यांतले सोळा उत्तीर्ण झाले. निकाल ९४ टक्के लागला, परंतु विषय सोडून गेलेले विद्यार्थी त्यात कुठेच दिसत नाहीत. विषय बदलण्यात गैर काही नाही. पहिल्या वर्षानंतर अनेकांना आपली आवड वेगळी असल्याचे कळते. तरीही दर वर्षी तीन चतुर्थांश विद्यार्थी गणित सोडत असतील, तर पहिल्या वर्षाचा वर्ग कोण घेते आणि कसा घेते हे विचारलेच पाहिजे. चांगले विभाग आपला सर्वांत समर्थ शिक्षक प्रथम वर्षाला देतात. अनेक ठिकाणी मात्र ज्येष्ठ प्राध्यापक तृतीय वर्षाचे तास स्वतःकडे ठेवतात आणि प्रथम वर्ष त्या जूनमध्येच नेमलेल्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे सोपवले जाते. बारावीपर्यंत गणित म्हणजे सूत्र आठवून उत्तर काढणे, अशी सवय लागलेल्या मुलाला व्याख्या आणि सिद्धता यांच्या जगात आणण्याचे काम त्याच वर्षी होते किंवा कायमचे राहून जाते.

आता मुख्य मुद्दा. विभागाची खरी ओळख त्याच्या अंतर्गत परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत असते. संलग्न महाविद्यालयात सत्रान्त परीक्षेची प्रश्नपत्रिका विद्यापीठाची असते, तिच्यावरून विभाग कळत नाही. चाचण्या, गृहपाठ आणि अंतर्गत मूल्यमापन मात्र विभागाचे स्वतःचे असते. स्वायत्त महाविद्यालयात सर्वच प्रश्नपत्रिका त्यांच्या, त्यामुळे तिथे पाहण्यासारखे अधिक असते आणि तिथल्या गुणांची तुलना इतरांशी करणेही त्याच कारणाने व्यर्थ असते.

एक उदाहरण देतो. द्वितीय किंवा तृतीय वर्षाला ग्रुप थिअरीमध्ये (ग्रुप म्हणजे ठरावीक नियमांनी एकमेकांशी जोडता येणाऱ्या घटकांचा संच, सबग्रुप म्हणजे त्याच्या आतला तसाच लहान संच) लाग्रांजचे प्रमेय शिकवतात: सांत, म्हणजे मर्यादित घटकांच्या, ग्रुपच्या कोणत्याही सबग्रुपमधील घटकांच्या संख्येने मूळ ग्रुपच्या घटकसंख्येला निःशेष भाग जातो. 'लाग्रांजचे प्रमेय सांगा व सिद्ध करा' हा प्रश्न दर वर्षी येत असेल, तर विद्यार्थी ती सिद्धता पाठ करतात आणि पूर्ण गुण घेतात. त्याऐवजी एखादा शिक्षक विचारतो, 'याचा व्यत्यास, म्हणजे उलट विधान, खरे आहे का?' इथे विद्यार्थ्याला ए-४ हा, चार वस्तूंच्या सम क्रमबदलांचा, बारा घटकांचा ग्रुप आठवावा लागतो. सहाने बाराला भाग जातो, तरी ए-४ मध्ये सहा घटकांचा सबग्रुप नाही. तो असता तर त्याचा इंडेक्स दोन झाला असता, म्हणजे त्यात ए-४ चे नेमके निम्मे घटक असते, आणि मग ए-४ मधील प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात आला असता; परंतु प्रत्येक थ्री-सायकल (तीन वस्तूंची चक्राकार अदलाबदल) ही दुसऱ्या एका थ्री-सायकलचा वर्ग असते आणि ए-४ मध्ये थ्री-सायकली आठ आहेत. सहा घटकांच्या सबग्रुपमध्ये आठ घटक कसे मावणार? इतकीच ती सिद्धता आहे, चार-पाच ओळींची, पण ती स्वतः लिहू शकणारा विद्यार्थी ग्रुप थिअरी शिकलेला असतो. मागील तीन वर्षांच्या चाचण्यांत अशा प्रकारचे, 'उदाहरण द्या किंवा असे उदाहरण असू शकत नाही हे दाखवा' या धर्तीचे प्रश्न किती आहेत ते पाहा. आपल्याला गणित येत नसले तरी तेच ते प्रश्न शब्दशः पुन्हा आलेले आहेत का, हे निश्चितच ओळखता येईल.

प्रश्नपत्रिकेइतकीच तपासलेली उत्तरपत्रिका बोलकी असते. सिद्धतेवर केवळ बरोबरची खूण आणि गुण आहेत, की 'ही पायरी का?' असे समासात कुठे लिहिलेले आहे? पन्नास उत्तरपत्रिकांवर असे शेरे लिहायला शिक्षकाला दोन रविवार द्यावे लागतात. जो ते देतो, त्याचे विद्यार्थी लिहायला शिकतात.

शेवटी नावलौकिकाविषयी. पुण्याला गणिताची मोठी परंपरा आहे. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले र. पु. परांजपे परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. १९३३ पासून पुढे बारा वर्षे दामोदर धर्मानंद कोसंबी तिथेच गणित शिकवत होते. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभी केली. या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि, विभाग म्हणजे या वर्षी वर्गात उभी राहणारी माणसे. चार चांगले शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, तर नामवंत विभाग पाच वर्षांत पोकळ होतो, आणि दोन तळमळीचे शिक्षक आले तर कोणाला नावही माहीत नसलेला विभाग तेवढ्याच काळात उभा राहतो. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

तासिका_तत्त्व

लघुगणक सरांचे विवेचन मोलाचे आहे. मी स्वतः सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असून घड्याळी तासिकांवर शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वर्ष तासिकांवरील शिक्षकाकडे दिले जाते हे खरे आहे, परंतु त्यात दोष त्या शिक्षकाच्या कुवतीचा नसतो. आम्हाला मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे मिळते. उत्तरपत्रिकांवर शेरे लिहिणे, तास संपल्यावर शंका सोडवणे, स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेणे, यांतील कशालाही मोबदला नाही, आणि अनेकांना उदरनिर्वाहासाठी दिवसात दोन महाविद्यालये करावी लागतात. तास संपताच बस गाठणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थी शंका विचारणार तरी केव्हा? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार कायम सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असते. उरलेला वेळ विद्यार्थ्यांसाठी, तयारीसाठी आणि अभ्यासासाठी असावा, हाच त्यामागचा हेतू आहे. म्हणून वारणाकाठ, आपण विभागात गेल्यावर मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि तासिकांवर किती जण आहेत हा प्रश्न अवश्य विचारा. त्याचे उत्तर सरळ मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरे असे की, ज्यांच्याकडे बारावीला नव्वद टक्क्यांची मुले येतात त्या विभागाची प्रश्नपत्रिका आणि ज्यांच्याकडे पन्नास टक्क्यांची मुले येतात त्यांची प्रश्नपत्रिका एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. अकरावी-बारावीत इंग्रजी पुस्तकातून मराठीत शिकलेला, अपूर्णांकांच्या बेरजेतही अडखळणारा मुलगा तीन वर्षांत एखादी अनंत श्रेणी अभिसरण पावते याची सिद्धता स्वतःच्या शब्दांत लिहू लागतो, तेव्हा त्या विभागाने केलेले काम ए-४ च्या प्रश्नापेक्षा कमी नसते.

लघुगणक

आपल्या दोन्ही मुद्द्यांशी मी सहमत आहे. विभागाने विद्यार्थ्याला कुठून कुठे नेले, हेच त्याचे मूल्य. परंतु इथे प्रश्न एका विशिष्ट मुलीचा आहे आणि तिला गणितात पुढे जायचे आहे. तिच्यासाठी सोबतचे विद्यार्थीही शिक्षकांइतकेच महत्त्वाचे ठरतील. तास संपल्यावर फळ्यापाशी उभे राहून ज्याच्याशी वाद घालता येईल असा एक जरी सहाध्यायी मिळाला, तरी फार फरक पडतो. तेव्हा मूल्यमापन कोणासाठी चालले आहे त्यावरून निकषांचे वजन बदलते, हे आपल्या मुद्द्याला जोडून नोंदवतो.

तिसरी_मिती

मी विदर्भातील एका लहान महाविद्यालयातून बी.एस्सी. केले, पुढे जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीतून एम.एस्सी. पूर्ण केले आणि सध्या बेंगळुरूत नोकरी करते. विद्यार्थिनीच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, 'आमचे इतके विद्यार्थी जॅम उत्तीर्ण' अशा फलकांविषयी. जॅमची गणिताची परीक्षा तीन तासांची, ६० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते, व ती सर्वस्वी बहुपर्यायी आणि संख्यात्मक उत्तरांची असते. तीत यश मिळवणे सोपे नाही, आणि त्या यशाने माझे आयुष्य बदलले हे मी कधीही विसरणार नाही. परंतु त्या परीक्षेत एकही सिद्धता लिहावी लागत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्या यशामागे विभागाऐवजी बाहेरचा शिकवणी वर्ग असतो. आयएसआयच्या एम.मॅथ.साठी आणि सीएमआयच्या (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) एम.एस्सी.साठी मात्र उत्तरे सविस्तर लिहावी लागतात. विभागातून तिकडे कोणी गेले आहे का, किमान त्या परीक्षेला कोणी बसले आहे का, हे विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट विभाग विद्यार्थ्यांना बाहेर पाठवतो का, ही. एमटीटीएस, म्हणजे प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले चार आठवड्यांचे उन्हाळी शिबिर, हे माझ्या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचे वळण ठरले. नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सच्या आधारावर ते वाढले. तिथे शिक्षक उत्तर सांगून मोकळे होत नाहीत. प्रश्न विचारतात आणि विद्यार्थी बोलेपर्यंत थांबतात. साइन (१/क्ष) हे फंक्शन (०, १) या इंटर्व्हलमध्ये कंटिन्युअस आहे, बाउंडेडही आहे, मग ते युनिफॉर्मली कंटिन्युअस (जवळच्या बिंदूंवरील किमती सर्वत्र सारख्याच प्रमाणात जवळ राहणारे) का नाही, यावर आमच्या गटाने जवळजवळ सबंध सकाळ घालवली होती. शून्याकडे सरकत जावे तसे, एकमेकांना हवे तितके जवळ असलेले असे दोन बिंदू सापडत राहतात की जिथे फंक्शनच्या किमतींत पूर्ण एकाचा फरक असतो, हे शेवटी आमच्यातल्याच एका मुलीने फळ्यावर काढून दाखवले. त्या शिबिराचा अर्ज मला आमच्या मॅडमनी स्वतः आणून दिला होता. विभागात त्या एकट्याच कायम शिक्षिका होत्या. पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा घेतात, तिलाही त्यांनीच आम्हाला बसवले. आम्हाला गुण अगदी थोडे मिळाले, पण त्या प्रश्नांवर आम्ही पुढे वर्षभर बोलत होतो.

म्हणून माझे मत असे की, सूचना फलक नीट वाचावा. एमटीटीएस, माधव स्पर्धा, एखादे व्याख्यान, यांची चालू वर्षाची सूचना तिथे आहे का? लावलेली नसेल, तर तृतीय वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला या दोन गोष्टींविषयी विचारावे. त्याने नावही ऐकलेले नसेल, तर तो विभाग विद्यार्थ्यांना दारे दाखवत नाही असे मी समजेन.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात आम्ही तिन्ही ठिकाणी जाणार आहोत. आमच्यासारख्या अनोळखी पालकाला चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका दाखवतील का? आणि प्रत्येक ठिकाणी तास-दीड तासच मिळणार असेल, तर तो कसा वापरावा?

लघुगणक

प्रश्नपत्रिका गोपनीय नसतात. परीक्षा झाल्यावर त्या ग्रंथालयात ठेवण्याची अनेक ठिकाणी पद्धत आहे. विभागप्रमुखांना नम्रपणे विचारावे. आपले काम अभिमानाने करणारे शिक्षक आनंदाने दाखवतील, कारण असा प्रश्न त्यांना क्वचितच कोणी विचारते. उत्तरपत्रिका दुसऱ्या विद्यार्थ्याच्या असल्यामुळे त्या मागू नयेत. त्याऐवजी तृतीय वर्षाच्या मुलांनाच विचारावे की, पेपर तपासून परत मिळतात का आणि त्यांवर काही लिहिलेले असते का. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नॅकसाठी भरलेले वार्षिक अहवाल, म्हणजे एक्यूएआर, असतात. ते जाण्यापूर्वी घरीच वाचून ठेवावेत, म्हणजे तो वेळ वाचेल.

ग्रंथालयात गणिताच्या कपाटापुढे पाच मिनिटे थांबावे. परीक्षेपुरत्या गाईडांच्या प्रती किती आणि जाड, जुनी, हाताळून मऊ झालेली पाठ्यपुस्तके किती, हे डोळ्यांनाच दिसते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील परतीच्या तारखांवरून ते शेवटचे केव्हा बाहेर गेले हे समजते. प्रॅक्टिकलची जर्नलेही पाहायला मिळाली तर पाहावीत: मॅक्सिमा, सायलॅब किंवा पायथन अशा संगणकीय साधनांवर केलेल्या प्रॅक्टिकलमध्ये सर्वांची उदाहरणे आणि सर्वांची चूकही एकसारखीच असेल, तर ते सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेले आहे.

उरलेला सर्व वेळ मुलीला द्यावा. शक्य असेल तर परवानगी घेऊन तिला एका तासाला मागच्या बाकावर बसू द्यावे. त्या तासात विद्यार्थ्यांनी किती प्रश्न विचारले आणि शिक्षकांनी त्यांचे काय केले, एवढेच तिने लक्षात ठेवायचे आहे.

परिमेय

या चर्चेत चौथ्या वर्षाचा उल्लेख आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर पदवी घेता येते आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स मिळते. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. आपल्या मुलीला पुढे शिकायचे असल्यामुळे तिथे चौथे वर्ष खरोखर चालणार आहे का, ते कोण शिकवणार आणि प्रकल्पाला मार्गदर्शन करू शकतील असे पीएच.डी. झालेले शिक्षक विभागात किती, हे आताच विचारून घ्यावे. काही ठिकाणी चौथे वर्ष कागदावर मंजूर आहे, मात्र शिक्षकसंख्या तीच आहे. त्याचप्रमाणे मुख्य विषयासोबतचा गौण विषय कोणता घेता येतो हेही पाहावे. संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र मिळाले तर गणिताला आधार होतो, परंतु वेळापत्रकाच्या सोयीसाठी कोणताही एखादा विषय माथी मारला जाणार असेल, तर त्यात तिचा बराच वेळ जाईल.

वारणाकाठ

तिन्ही महाविद्यालये पाहून आलो. नावे लिहीत नाही.

एका ठिकाणी विभागप्रमुखांनी अत्यंत सौजन्याने बोलून माहितीपत्रक दिले, पण जुन्या प्रश्नपत्रिका 'परीक्षा विभागात असतील' असे सांगितले आणि परीक्षा विभागाने आम्हाला पुन्हा गणित विभागाकडे पाठवले. सात मंजूर पदांपैकी तीन भरलेली आहेत. दुसऱ्या ठिकाणी ग्रंथपालांनी प्रश्नपत्रिकांचा बांधीव गठ्ठाच काढून दिला. मुलीने त्यातील दोन वर्षांच्या चाचण्या मोबाइलवर टिपून घेतल्या. प्रश्न पुन्हा आलेले नाहीत आणि जवळपास प्रत्येक चाचणीत 'उदाहरण द्या' या धर्तीचा एक तरी प्रश्न आहे. तिथे तिला तासाला बसू दिले. शिक्षकांनी एका विद्यार्थ्याला फळ्यावर बोलावले, तो मध्येच अडला, तेव्हा त्याला खाली न बसवता वर्गालाच विचारले की अडचण नेमकी कोणत्या ओळीत आहे. बाहेर आल्यावर ती त्याच ओळीविषयी बोलत होती. तिसऱ्या, म्हणजे आमच्या जवळच्या महाविद्यालयात एकच कायम शिक्षक आहेत. त्यांनी आमच्यासाठी तासभर काढला आणि स्वतःहून सांगितले की, या मुलीला सोबत हवी असेल तर तिला इथे ठेवू नका, मात्र ती कुठेही गेली तरी सुट्टीत पुस्तके न्यायला माझ्याकडे येऊ द्या.

दुसऱ्या ठिकाणी प्रवेश घेण्याचे ठरले आहे. ते कोल्हापूरचे महाविद्यालय असल्यामुळे खर्चही आवाक्यात राहील. चौथ्या वर्षाविषयी तिथे विचारले असता, मान्यतेचा प्रस्ताव पाठवला आहे एवढेच उत्तर मिळाले. परिमेय, अशा परिस्थितीत तीन वर्षांची पदवी घेऊन थेट दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जाणे तिच्या हिताचे ठरेल का, यावर आपले मत कळवावे.